अमुकच्या जागी

डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. दुपारी कॉलेजात तास होता. त्याआधी सोले काढून ठेवले की संध्याकाळी आमटी होते, एवढाच विचार. आदिलाबादच्या थंडीत सकाळी बोटं चालत नाहीत, म्हणून मागच्या दारी उन्हाच्या पट्ट्यात परात घेऊन बसले होते. तेवढ्यात पाठशाळेतल्या धाकट्या गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, तुमी बरे आहा न?"

"बरी आहे. का?"

"नाई, सहज इचारलं."

"इतक्या सकाळी सहज?"

 मागे मुलांचा घोष चालू होता, पण रोजच्यासारखा एका तालात नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ते तसंच पडून आहे."

"काय?"

"कालची मोळी. कोणी हात लावून नाई राह्यलं."

"मग तुम्ही सोडा ना. तुम्हीच बांधलीत."

"बांधायचं पोथीत आहे, मॅडम. सोडायचं कुठंच नाई."

मी म्हटलं, दुपारी बोलू, आणि फोन ठेवला. घसा सकाळपासून खवखवत होता. ते मी त्यांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही हे समजायला आदल्या दिवशी काय झालं ते सांगावं लागेल, आणि त्यासाठी पाठशाळेपासून सुरुवात करावी लागेल.

मी शिक्षकांना शिकवते. सरकारी अध्यापक महाविद्यालयात नोकरीची वीस-बावीस वर्षं गेली. नवा शिक्षक वर्ग घेत असतो तेव्हा मागच्या बाकावर बसायचं, काय चाललंय ते बघायचं आणि तास संपल्यावर त्याच्याशी बोलायचं, हे माझं काम. पाठशाळा आहे गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवे सोडून नाल्याच्या अंगाला. तिथे पुरोहित तयार होतात. मुलं सहा-सात वर्षं राहतात, नित्यकर्मापासून सुरुवात करतात, मग संस्कार, शांती, आणि सगळ्यात शेवटी अपर. अपर म्हणजे माणूस गेल्यावर करायचे विधी. पाठशाळा चालवणारी कमिटी गावातल्या मराठी नोकरदारांची आहे. कोणी बँकेत, कोणी कचेरीत. आमचे हे वीज खात्यात, त्यांची कमिटीच्या सेक्रेटरींशी जुनी ओळख.

मला बोलावलं गेलं ते एका फजितीमुळे. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक पुरोहित भैंशाला कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या अंत्यविधीला गेला होता. पोथीत जिथे गेलेल्याचं नाव आणि गोत्र घालायचं असतं तिथे 'अमुक' असं छापलेलं असतं. शिकताना मुलं 'अमुक गोत्राचा अमुक' असंच म्हणतात, वर्षानुवर्षं. चितेपुढे उभं राहिल्यावर, घरच्यांनी नाव सांगितलेलं असतानाही, त्याच्या तोंडून तेच निघालं. एकदा नाही, शेवटपर्यंत. गेलेल्याच्या थोरल्या मुलानं भर घाटावर विचारलं, "महाराज, माह्या बापाचं नाव अमुक होतं काय?"

सेक्रेटरींनी हे मला सांगितलं तेव्हा आधी आवाज खाली घेतला आणि मग त्यांनाच हसू आवरेना. पण कमिटीला लाज वाटली होती. मुलांचं पाठांतर चोख आहे, मग चुकतं कुठे? शिकवण्यात. पाठशाळेत तीन नवे गुरुजी होते, तिघंही तिथलेच विद्यार्थी, पदवीनंतर लगेच शिकवायला लागलेले. शिकवायचं कसं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यापासून मी महिन्यातून एक-दोनदा जायला लागले.

पहिल्या दिवशी मोठे गुरुजी, म्हणजे पाठशाळेचे मुख्य, अंगणात उभे होते. सत्तरीच्या पुढचे, काठी न घेता चालणारे. मुलांना म्हणाले, "या मॅडम. मुआयना, म्हंजे तपासणी करायले आल्या. आमी बारा वर्सं शिकलो, चाळीस वर्सं शिकवलं, आता शिकवाचं शिकू."

"मी तुम्हाला शिकवायला आलेली नाही, गुरुजी," मी म्हटलं. "मागे बसते फक्त."

"बसा. मागं बसाले काई हरकत नाई. आमच्या इथं सगळेच मागं बसलेले आहेत."

त्यांचा टोला बरोबर होता. पण तिथलं शिकवणंही मी पाहिलं. तिन्ही गुरुजी डोळे मिटून शिकवायचे. त्यांच्या गुरुजींनी तसंच शिकवलं होतं. एकानं एक अख्खं प्रकरण डोळे मिटून घोकवलं, तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या मुलानं एक पेरू संपवला आणि शेजाऱ्याला दुसरा दिला. मी तास संपल्यावर विचारलं, "आज वर्गात काय झालं?" ते म्हणाले, "सगळ्यांनी म्हटलं." मी म्हटलं, "पेरूनं म्हटलं का?" त्यानंतर डोळे उघडले. प्रश्न विचारून थांबायचं, उत्तर यायला वेळ द्यायचा, एकेका मुलाकडून करून घ्यायचं, हे हळूहळू जमायला लागलं. सगळ्यात लवकर जमलं धाकट्या गुरुजींना.

धाकटे म्हणजे सगळ्यात नंतर रुजू झालेले. वयानं माझ्या मुलाएवढे, पण पाठशाळेत अहो-जाहोच. अपर हा विषय नेहमी सगळ्यात नव्या गुरुजींच्या गळ्यात येतो, कारण तो कोणालाच नको असतो. छपराखाली तो म्हणायचा नसतो. वर्ग नाल्याकाठी पळसाखाली भरतो, संपल्यावर सगळे अंघोळ करून आत येतात. त्यांचं हे पहिलं वर्ष परीक्षेचं होतं. रविवारी, चौदा तारखेला, कमिटी बसून ठरवणार होती की त्यांना कायम करायचं की नाही. कायम झाले तर मागच्या दोन खोल्या मिळणार होत्या. बायको माहेरी, भैंशाकडच्या खेड्यात, सातवा महिना लागलेला. नाही झाले तर पुन्हा निर्मलला जाऊन, दुसऱ्याची मोटरसायकल मागून घरोघर पूजा सांगत फिरायचं. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, बसची वाट बघताना बोलता बोलता.

तर सोमवारी त्यांचा पाठ होता. कमिटीपुढे मी जो अभिप्राय देणार होते तो याच पाठावरून. आठवडाभर आधी आम्ही बसून ठरवलं की मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यायचं. पळसाच्या काटक्या आणि दर्भ बांधून माणसाएवढी मोळी करायची, तिला प्रदक्षिणा कशी घालायची, कुठे थांबायचं, ते चालून बघायचं. इतपत पाठशाळेत आधीही होत असे. पिंड मात्र नाल्यातल्या मातीचे करत. मी म्हटलं, ज्वारीचं पीठ घ्या, ओल्या पिठाची हाताला सवय हवी. आणि नाव घालून करा. 'अमुक' नको. भैंशाला जे झालं ते तिथेच झालं.

"कोणाचं नाव घालू?" त्यांनी विचारलं.

"कोणाचंही."

"गेलेल्याचं घेता येत नाई, मॅडम. त्याचं होऊन गेलं. त्याले परत काऊन बलवायचं?"

"मग जिवंत माणसाचं."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"बरं, काल्पनिक घ्या."

"काल्पनिक नावाचा कोणी न कोणी कुठं तरी असतेच न."

 कागदावर जी अडचण आपण चुटकीसरशी सोडवतो ती अशा ठिकाणी अडून बसते. मी म्हटलं, "माझं घ्या." आणि पूर्ण नाव, गोत्रासकट सांगितलं. त्यांनी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं, ओठ हलले. मग मान हलवली.

सोमवारचा पाठ चांगला झाला. हे मी आजही म्हणते. मी पळसाच्या बुंध्याशी सतरंजीवर बसले होते, जमीन ओली होती, धुकं पुरतं उठलं नव्हतं. त्यांनी आधी मुलांना विचारलं, घाटावर उभे असताना तुम्हाला कोण कोण दिसतं? मुलं म्हणाली, चिता, घरचे लोक, न्हावी. "आणि ऐकू काय येते?" रडणं, कोणी तरी म्हणालं. "रडणं ऐकू येत असताना नाव सांगायचं आहे," ते म्हणाले. हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. मी कागदावर खूण केली.

मग मोळी बांधली. गाठी त्यांनी एकेक दाखवून बांधल्या. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मुलाच्या भूमिकेत, म्हणजे कर्ता. बाई गेली आहे असं धरल्यामुळे त्याला 'माझ्या आईचं' असं म्हणायचं होतं. नावाच्या जागी आल्यावर तो अडला. धाकटे गुरुजी थांबले, घाई केली नाही, जसं आम्ही ठरवलं होतं तसं.  नाल्याचं पाणी वाजत होतं. मग मुलानं माझं नाव घेतलं, आधी पुटपुटत, दुसऱ्यांदा मोठ्यानं. सगळ्या मुलांनी ते म्हटलं. तीस-एक आवाजांत स्वतःचं नाव त्या जागी ऐकणं, हा अनुभव मला कोणी आधी सांगितला नव्हता. मी कागदाकडे बघत राहिले.

पिठाचे पिंड मांडले. मातीच्या पिंडाला कधी कावळा येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं तो प्रश्न आला नव्हता. दर्भावरून हात मागे घ्यायच्या आत पळसावरून एक कावळा खाली उतरला आणि पिंड घेऊन गेला. एकही मूल हललं नाही.

मी म्हटलं, "चला. माझी काही इच्छा राहिलेली दिसत नाही."

कोणी हसलं नाही. आणि तेव्हा मला दिसलं की मोठे गुरुजी पायवाटेवर उभे आहेत. ते कामासाठी गावात गेले होते, लवकर परतले होते. वाटेवरून नाव ऐकतच आले असणार. त्यांनी मोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणाचं नाव घेऊन राह्यले?"

"माझं, गुरुजी," मी म्हटलं. "मीच दिलं."

"तुमी दिलं. ह्यानं घेतलं काऊन?" मग धाकट्यांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "रविवारी कमिटी बसते. तोवर मॅडमले काई झालं, नुस्ता ताप जरी आला, तर तू आपली वळकटी बांध. कमिटीची वाट पाहू नको."

एवढं बोलून ते नाल्यात उतरले आणि त्या थंडीत नेसत्या धोतरानिशी अंघोळ केली. मुलं त्यांच्यामागे उतरली. मोळी तिथेच राहिली. एरवी वर्ग संपला की मुलंच गाठी सोडून काटक्या नाल्यात टाकत, कारण आत कोणी नसे. नुसता 'अमुक' असे. या वेळी कोणी पुढे झालं नाही.

जेवायला बसले तेव्हा स्वयंपाकाच्या बाईंनी सगळ्यांना वाढलं आणि माझ्या पानाजवळ येऊन थबकल्या. "मॅडम, तुमी जेवता न?"

"जेवते की. का?"

"नाई, इचारलं," म्हणाल्या आणि भाकरी हातात न देता ताटाच्या कडेला ठेवली.

तर मंगळवारी सकाळी मागच्या दारी शेंगा सोलताना माझा घसा खवखवत होता, आणि मला माहीत होतं की त्या खवखवण्यावर एका माणसाची नोकरी आणि दोन खोल्या अवलंबून आहेत. ओल्या जमिनीवर तीन तास बसलं की पन्नाशीच्या बाईला सर्दी होते. त्यात दुसरं काही नाही. मी आल्याचा काढा केला, गोळी घेतली आणि शेंगा संपवल्या.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे असल्या गोष्टी मानत नाहीत. अमावस्येला गाडी घेतली आणि लोकांना मुद्दाम तारीख सांगितली, असे.

"नाव दिलंस? पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी घास खाली ठेवला. "मधलं नाव माझं आहे."

"मग?"

"मग काही नाही. गोत्रपण माझंच." थोड्या वेळानं म्हणाले, "मी मानत नाही हे सगळं. पण विचारायचंस तरी."

दुपारपर्यंत अंग कणकणायला लागलं. कॉलेजात फोन करून रजा सांगितली. घरी काम आहे, म्हटलं. ताप म्हटलं नाही, कारण आमच्या कॉलेजातल्या क्लार्कचे भाऊजी कमिटीवर आहेत. ब्लँकेट घेऊन पडले होते तर फोन वाजला. नंबर एका जुन्या सहकारी बाईंचा, त्या निवृत्त होऊन निर्मलला राहतात.

"हॅलो," मी म्हटलं.

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वास ऐकू आला. मग फोन बंद झाला. पाच मिनिटांनी ह्यांचा फोन वाजला. हे बाहेरच्या खोलीत बोलत होते, मला एकच बाजू ऐकू येत होती. "नाही. नाही हो. अहो, आत झोपली आहे. म्हणजे झोपली आहे, साधी झोपली आहे. कोणी सांगितलं तुम्हाला?"

आत आले ते कपाळाला आठ्या घालून. पाठशाळेत माझ्या नावानं विधी झाला हे ऐकलेल्या कोणी तरी तो सराव होता हे न सांगता पुढे कळवलं होतं. त्या बाईंनी सांत्वनाला फोन केला होता, आणि माझा आवाज ऐकून घाबरून ठेवला होता.

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं.

"नको," हे म्हणाले. "तू नको बोलूस. परत घाबरतील."

ताप चढत गेला. मी डोळे मिटले की कोणी तरी शंभर आवाजांत नाव घेतंय असं वाटे, म्हणून मी डोळे उघडे ठेवले आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत राहिले. दिवाळीत पुसली नव्हती. मला भीती वाटत होती का, तर वाटत होती. पण ती मरणाची नव्हती. रविवारपर्यंत मला ताप आहे हे कोणाला कळू नये याची होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

दिवेलागणीला मोठ्या गुरुजींचा फोन ह्यांना आला. त्यांना रजेचं कळलं होतं. मी हातानं खुणावलं, नाही म्हणा. पण हे सरळ माणूस. "थोडी कणकण आहे," म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले आणि "बरं, बरं" म्हणत फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"जप सांगितलाय तुझ्यासाठी. आजपासून बसणार आहेत स्वतः."

"आणि?"

"आणि काय?"

"धाकट्या गुरुजींचं काय?"

"उद्या सकाळी त्यांना निर्मलच्या गाडीत बसवून देणार." हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी तुझं बरं सांगायला गेलो..."

"काय सांगायला गेलात ते ऐकलं मी."

लगेच धाकट्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, मी उद्या जाऊन राह्यलो. तुमी औषध घ्या. माह्यामुळं झालं."

"तुमच्यामुळे काही झालेलं नाही. जमीन ओली होती. घरी काय सांगणार?"

"अजून नाई सांगतलं. तिले सातवा आहे, एकदम कसं सांगू." जरा थांबून म्हणाले, "एक इचारू काय? पाठ कसा झाला?"

तेवढ्या तापातही मला आपलं काम आठवलं. नवा शिक्षक हे विचारतो तेव्हा आधी त्यालाच विचारायचं असतं. "तुम्हाला काय वाटलं?"

"मले वाटलं, चांगला झाला."

"मलाही तसंच वाटलं. सकाळी मी येईपर्यंत गाडीत बसू नका."

"मोठे गुरुजी ऐकणार नाईत."

"उठायला वेळ लावा. ताप आलाय म्हणा. इथे सध्या तेच चालू आहे."

ते हसले की नाही, कळलं नाही. फोन कटला.

ह्यांनी स्कूटरची चावी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी ते पाहिलं. सकाळची पहिली बस बसस्टँडवरून सुटते, आणि बसला चावी लागत नाही.

दहा तारखेला सकाळी गोळीनं ताप उतरला होता, गेला नव्हता. पांढरी शाल गुंडाळून निघाले. दुसरी शाल धुवायला टाकली होती, नाही तर ती घेतली असती. बसमध्ये कंडक्टरनं बायकांच्या फुकट प्रवासाच्या झिरो तिकिटासाठी आधार कार्ड मागितलं. ते दिव्याकडे धरून त्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं, कार्डावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं. "ओळखू येत नाही, अम्मा," हिंदीत म्हणाला. मी म्हटलं, जुना फोटो आहे.

हायवेवर धुकं इतकं होतं की पुढच्या लॉरीचे लाल दिवेच तेवढे दिसत. जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या लॉऱ्या. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिला होता, मैलभर, प्रत्येक झाडाला. फाट्यावर उतरून चालत गेले. नाल्याच्या वळणावर मुलं पाणी आणायला आली होती. धुक्यातून मी पुढे आले तसे त्यांनी हंडे खाली ठेवले आणि जागच्या जागी उभी राहिली. एक जण मागे सरकून नाल्यात पडला. "मीच आहे," मी म्हटलं. त्यानं कोणाचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पळसाखाली मोळी होती तशीच होती. दवानं भिजून काळी पडलेली, माझ्याएवढीच लांब. मी खाली बसले आणि पहिल्या गाठीला हात घातला. ओल्यानं सुंभ आवळलं होतं. धाकट्यांनी गाठ उत्तम बांधली होती, शिकवण्याजोगी. बोटं चालेनात. दोन गाठी सुटल्या, तिसरी दातांनी सोडवली. तोंडात मातीची आणि पळसाची कडू चव आली. तोवर मुलं मागे जमली होती, आणि मोठे गुरुजी, आणि त्यांच्यामागे हातात वळकटी घेतलेले धाकटे.

शेवटची गाठ सुटली तशा काटक्या आपोआप पसरल्या. आत काही नव्हतं. असणार तरी काय? पण मी पाहिलं, आणि सगळ्यांनीच वाकून पाहिलं.

"ताप आहे तुमाले," मोठे गुरुजी म्हणाले.

"आहे. ओल्यात बसले होते."

"मी सांगतलं होतं, ताप आला तर..."

"ताप मला आला, गुरुजी. मी पायी आले. यांना घालवायचं असेल तर पाठ वाईट होता म्हणून घालवा. तुम्ही पाठ पाहिलाच नाही. शेवटचा कावळा तेवढा पाहिलात."

मोठ्या गुरुजींनी सुटलेल्या काटक्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. जपाला खरोखरच बसले होते. मग माझ्याकडे पाठ करून धाकट्यांना म्हणाले, "ठेव ते खाली. पहिल्यापासून घे. माह्यासमोर."

"नाव कोणतं घेऊ?"

"जे घेतलं तेच. आता दुसरं कायले नासवतं."

मोळी नव्यानं बांधली नाही. धाकट्यांनी सुटलेल्या काटक्यांपुढेच मुलांना बसवलं. मी सतरंजी न शोधता कर्त्याच्या शेजारी, मुलांच्या रांगेत बसले. दात वाजत होते, ते शालीत धरून ठेवले. त्यांनी सुरुवात केली, डोळे उघडे ठेवून. घाटावर काय दिसतं, काय ऐकू येतं, सगळं विचारलं. मोठे गुरुजी उभे होते ते हळूच सगळ्यात मागे जाऊन बसले.

नावाची जागा आली. कर्ता मुलगा थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. धाकटे गुरुजी थांबले. सगळे थांबले. मग धाकट्यांनीच, स्पष्ट, घाटावर पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, गोत्रासकट माझं नाव घेतलं.

मी हात वर केला. "हजर," म्हटलं.

कोणी हसलं नाही. वर पळसावर काही तरी हललं, पण मी वर पाहिलं नाही.

"पुढे चला, गुरुजी," मी म्हटलं, आणि ते पुढे गेले.